किशोरवयीन मुलांसाठी सोयी आहेत, पण त्या चालवणारी माणसं कशी घडतात?

जिल्हा रुग्णालयात किंवा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात केसपेपरची खिडकी ओलांडून पुढे गेलं, की एखाद्या खोलीवर ‘मैत्री’ अशी पाटी दिसते. अनेक जण तिच्यासमोरून वर्षानुवर्षं ये-जा करतात, पण आत काय चालतं ते त्यांना सांगता येत नाही. ही खोली १० ते १९ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. आत समुपदेशक बसतात. पाळीच्या तक्रारी, चेहऱ्यावरचे फोड, वजन, झोप, हस्तमैथुनाबद्दलची भीती, परीक्षेचा ताण, तंबाखू सोडायची इच्छा, प्रेमात आलेलं अपयश, घरातली मारहाण, असं काहीही तिथे बोलता येतं. त्यासाठी पैसे लागत नाहीत. गरज पडली तर समुपदेशक त्याच इमारतीतल्या डॉक्टरांकडे पाठवतात. दुर्दैवाने, जिला या खोलीची गरज आहे तिलाच बहुधा तिचा पत्ता नसतो.

मुलांच्या आरोग्यासाठी काय काय उपलब्ध आहे हे सांगताना मला योजनांची यादी वाचून दाखवायची नाही. योजना भरपूर आहेत. प्रत्येक योजनेच्या शेवटच्या टोकाला एक माणूस असतो: वर्गशिक्षिका, आशाताई, समुपदेशक, वसतिगृहाचा अधीक्षक, आई, काका. पंधरा वर्षांचं पोर धीर करून काही विचारतं, तेव्हा पहिल्या दोन मिनिटांत हा माणूस काय करतो यावर पुढचं सगळं ठरतं. ती दोन मिनिटं कशी हाताळायची हे शिकवता येतं. या क्षेत्रातलं प्रशिक्षण मुख्यतः त्यासाठीच असतं, किंवा निदान असायला हवं.

हे वय वेगळं का मानायचं?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात या वयाची २५ कोटींहून अधिक मुलंमुली होती. तरीही आपल्या आरोग्यव्यवस्थेचं लक्ष बराच काळ बाळ आणि बाळंतीण यांच्याकडेच राहिलं. मधल्या वयात मुलं आजारी कमी पडतात, म्हणून ती धडधाकट धरली गेली. पाच वर्षांनंतर लसीकरणाचं कार्ड कपाटात जातं, आणि दवाखान्याशी पुन्हा गाठ पडते ती मुलींची पहिल्या गरोदरपणात, मुलांची अनेकदा अपघातानंतरच.

७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, तेव्हा ही नजर थोडी बदलली. त्याआधी या वयाचं सरकारी काम बहुतांशी प्रजनन आरोग्यापुरतं होतं. नव्या कार्यक्रमात पोषण, लैंगिक आणि प्रजनन आरोग्य, मानसिक आरोग्य, व्यसनं, इजा आणि हिंसा हे विषय आले. पुढे चाळिशीत डोकं वर काढणारे, पण ज्यांची सुरुवात याच वयाच्या सवयींत होते ते रक्तदाब-मधुमेहासारखे आजारही त्यात आले. गावागावांतून निवडलेल्या मुलामुलींना साथिया म्हणून तयार करायचं, त्यांनी आपल्याच वयाच्या गटाशी बोलायचं, ही कल्पनाही याच कार्यक्रमातली. ‘साथिया सलाह’ नावाचं मोबाइल ॲप २०१७ मध्ये आलं ते याच कामासाठी.

मेंदूचं थोडं समजून घेऊ, कारण प्रशिक्षणाची रीत त्यावर ठरते. वयात येताना भावना, उत्साह, मित्रांमधली पत यांना प्रतिसाद देणारे मेंदूचे भाग जोरात कामाला लागतात. परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत राहतो. म्हणून एकटा असताना नीट गाडी चालवणारा मुलगा मागे दोन मित्र बसले की वेग वाढवतो. वेगाचे धोके त्याला ठाऊक असतात. त्या क्षणी मित्रांची नजर जास्त भारी पडते. झोपेचं चक्रही या वयात तास-दोन तास पुढे सरकतं, त्यामुळे रात्री अकराला डोळा न लागणं हा दर वेळी मोबाइलचाच दोष नसतो.

यातून शिकवणाऱ्याने घ्यायची गोष्ट सरळ आहे. दुष्परिणामांचा तक्ता भिंतीवर लावून वागणं फारसं बदलत नाही. “एक पुडी खाऊन बघ, घाबरलास काय?” असं मित्र म्हणाला तर तोंडून कोणतं वाक्य काढायचं, याचा सराव मात्र उपयोगी पडतो. तो वर्गात, जोड्या करून, हसतखेळत आणि पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो. जीवनकौशल्यं म्हणतात ती हीच: नकार देता येणं, मदत मागता येणं, राग ओळखता येणं, निर्णय थोडा लांबवता येणं.

निळ्या गोळीचं उदाहरण

प्रशिक्षण किती बारीकसारीक गोष्टींत असतं हे पाहायचं तर रक्तक्षयाचा, म्हणजे ॲनिमियाचा, विषय घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. याच वयाच्या मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के होतं, म्हणजे हा फक्त मुलींचा आजार नाही. महाराष्ट्रातल्या मुलींचं चित्र देशापेक्षा फार वेगळं नव्हतं. रक्तक्षय असलेलं मूल वर्गात पेंगतं, जिना चढताना थकतं, त्याचं लक्ष लागत नाही, आणि घरी त्याला आळशी म्हणून बोलणी बसतात.

उपाय स्वस्त आहे. २०१८ च्या ॲनिमियामुक्त भारत मोहिमेनुसार १० ते १९ वयासाठी आठवड्याला एक निळी गोळी असते: ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. जोडीला वर्षातून दोनदा जंतनाशक गोळी. शाळेत येणाऱ्यांना गोळी शाळेत मिळते, शाळा सुटलेल्या मुलींना अंगणवाडीत.

मग अडतं कुठे? सकाळी उपाशी पोटी गोळी दिली की मळमळ होते. दोघींना उलटी झाली की वर्गभर घबराट पसरते, पालक शाळेत येतात आणि पुढच्या आठवड्यात गोळ्या दप्तरातून थेट गटारात जातात. ज्या शिक्षकाला नीट शिकवलेलं असतं तो गोळी पोषण आहाराच्या जेवणानंतर देतो. शौचाचा रंग काळसर होईल, घाबरू नका, हे तो आधीच सांगून ठेवतो. गोळीच्या आगेमागे तासभर चहा घेऊ नका, कारण चहा लोह शोषू देत नाही, आणि जेवणात लिंबू पिळा, कारण ते शोषायला मदत करतं, हेही सांगतो. पहिल्या दिवशी तो स्वतः सगळ्यांसमोर गोळी खातो. एवढ्याने फरक पडतो. पूर्व विदर्भात आणि नंदुरबारकडे आणखी एक गोष्ट शिकवावी लागते: नियमित गोळी घेऊनही मुलीचं रक्त वाढत नसेल, हातपाय वरचेवर दुखत असतील, तर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करून घ्यायची, नुसती गोळ्यांची संख्या वाढवायची नाही.

तोच अभ्यासक्रम, दोन माणसं, दोन निकाल

बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात झालेला एक प्रयोग प्रत्येक मुख्याध्यापकाने समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. गोव्यात सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेने तो सरकारी माध्यमिक शाळांमध्ये केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. सत्तरहून अधिक शाळांचे तीन गट केले होते. एका गटात नेहमीचा सरकारी किशोर शिक्षण कार्यक्रम तेवढा चालू राहिला. दुसऱ्या गटात त्याच्या जोडीला शाळेतल्याच एका शिक्षकाकडे आरोग्यसंवर्धनाचं काम दिलं. तिसऱ्या गटात हेच काम बाहेरून नेमलेल्या साध्या समुपदेशकाने केलं. हे समुपदेशक डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. या कामासाठी प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसं होती. काम मात्र दोन्हीकडे सारखं होतं: प्रार्थनेच्या वेळी एखाद्या विषयावर बोलणं, भित्तिपत्रक, मनातलं लिहून टाकायची पेटी, मुलांचे गट आणि ज्याला हवं त्याच्याशी एकांतात बोलणं.

समुपदेशक असलेल्या शाळांमध्ये वातावरण सुधारलं, एकमेकांना छळणं आणि मारामारी कमी झाली, नैराश्याची लक्षणंही कमी झाली. शिक्षकांनी काम केलेल्या शाळांमध्ये काहीच फरक दिसला नाही.

यावरून शिक्षक वाईट असतात असा अर्थ काढला तर तो अन्याय होईल. शिक्षक तोच माणूस असतो जो गुण देतो, हजेरी घेतो, पालकांना बोलावतो. सकाळी गणिताच्या चुकीवरून ज्याने उभं केलं, त्याच्याकडे दुपारी घरातलं दुःख सांगायला मूल कसं जाईल? त्यात शिक्षकांच्या माथ्यावर आधीच निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं असतं. एका दिवसाचं प्रशिक्षण देऊन हेही करा म्हटल्यावर ते होत नाही. समुपदेशकाला मात्र हेच एक काम होतं, आणि त्याच्या कामावर नियमित देखरेख होती. माझ्या मते गाठ इथेच आहे. आपल्याकडे प्रशिक्षण म्हणजे सभागृह, चहा-बिस्किटं, स्लाइड आणि प्रमाणपत्र. प्रशिक्षणानंतरच्या तिसऱ्या महिन्यात, एखाद्या मुलीच्या प्रश्नाने गोंधळलेल्या ताईने कुणाला फोन करायचा, याची सोय क्वचितच केलेली असते.

दुसरं उदाहरण आपल्या मराठवाड्यातलं आहे. पैठण तालुक्यात पाचोडला इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट ही संस्था आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिने आसपासच्या गावांत अविवाहित मुलींसाठी, विशेषतः शाळा सुटलेल्या आणि शेतावर राबणाऱ्या मुलींसाठी, जीवनकौशल्यांचा वर्ग सुरू केला. वर्ग संध्याकाळी भरायचा, रोज एक तास, सोमवार ते शुक्रवार, वर्षभर. शिकवायला शहरातून कुणी येत नसे. गावातल्याच, साधारण सातवीपर्यंत शिकलेल्या बायांना प्रशिक्षण देऊन उभं केलं होतं. विषय आरोग्य आणि आहाराचे होते, तसे पोस्ट-बँकेचे, कायद्याचे आणि सरकारी कचेऱ्यांचेही होते.

काही वर्षांत या गावांमध्ये मुलींच्या लग्नाचं मध्यम वय १६ वरून १७ झालं. अठरा पूर्ण होण्याआधी होणाऱ्या लग्नांचं प्रमाण सुमारे ८१ टक्क्यांवरून ६२ टक्क्यांवर आलं. एक वर्ष म्हणजे काय मोठं, असं कुणाला वाटेल. सोळाव्या वर्षी लग्न ठरण्याऐवजी सतराव्या वर्षी ठरणं म्हणजे मुलीच्या हाडांना आणि ओटीपोटाला वाढायला मिळालेला वेळ आहे, पहिलं बाळंतपण तेवढं पुढे गेलेलं आहे. आणि हे बालविवाहाविरुद्ध भाषणं देऊन घडलं नाही. रोज संध्याकाळी मुलगी घराबाहेर पडून काही शिकते, गावातलीच मावशी शिकवते, आईबापांना ते दिसतं. मुलगी म्हणजे केवळ जबाबदारी ही समजूत अशी हळूहळू सैल होत गेली असावी. आजही बीड-जालन्याकडून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत मुलीला मागे कुणाजवळ ठेवायचं हा प्रश्न बालविवाहाकडे ढकलतो. तिथे पोस्टरपेक्षा हंगामी वसतिगृह आणि एक विश्वासाची ताई जास्त कामाची आहे.

मूल काही सांगतं तेव्हा

आता सगळ्यांत अवघड भागाकडे, लैंगिक अत्याचाराकडे येते. “ताई, एक सांगू? पण कुणाला सांगू नका.” या वाक्यानंतर काय करायचं, ते शिकल्याशिवाय नीट जमत नाही.

पहिला मोह होतो तो वचन द्यायचा. ते देऊ नये. “तुझ्या सुरक्षिततेसाठी गरज पडली तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, पण तुला न सांगता काही करणार नाही,” हे खरं आणि पाळता येणारं उत्तर आहे. दुसरा मोह खोदून विचारायचा. तू तिथे गेलीसच का, आधी का नाही बोललीस, त्याने नक्की हेच केलं का? यातला प्रत्येक प्रश्न दोष मुलीकडे सरकवतो, आणि पुढे न्यायालयात तिच्या जबाबाला धक्का लावू शकतो. म्हणून तिला तिच्या शब्दांत बोलू द्यायचं, विश्वास ठेवतो हे सांगायचं, तिची चूक नाही हे स्पष्ट म्हणायचं. नंतर तिचेच शब्द, तारीख आणि वेळ लिहून ठेवायची. पुढची चौकशी ज्यांचं ते काम आहे त्यांच्यावर सोडायची. आरोपीला बोलावून जाब विचारायचा नाही, गावात बैठक घेऊन मिटवायचं तर नाहीच.

लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. तो अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना लागू होतो, मुलग्यांनाही. हे मुद्दाम सांगते, कारण मुलग्यांवरचे अत्याचार आपण बोलण्यातही आणत नाही. कलम १९ नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणालाही ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे. माहिती दडवली तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. म्हणजे शाळेची अब्रू वाचवायला प्रकरण आत दाबणारा मुख्याध्यापक स्वतःच गुन्ह्यात अडकतो.

मुलीचं पुढे काय होतं, ही भीती कुटुंबांना गप्प बसवते, म्हणून तेही माहीत असावं. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी घेता येतो. शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने तो घ्यायचा असतो, आणि जबाब घेणाऱ्याने गणवेश घालायचा नसतो. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरच करतात. बातमीत नाव, फोटो, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही छापता येत नाही. २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती मुलासोबत एक आधार व्यक्ती देऊ शकते, जी तपासापासून खटल्यापर्यंत साथ देते.

या कायद्याची एक दुखरी बाजू आहे. ती लपवली तर हा लेख अपुरा राहील. सतरा वर्षांची मुलगी आणि अठराचा मुलगा यांचे स्वखुशीने संबंध आले, तरी कायद्याच्या नजरेत तो गुन्हाच आहे. अशा मुलीला दिवस गेले तर ती रुग्णालयात जायला घाबरते, कारण डॉक्टरांना पोलिसांत कळवावं लागतं. मग एखाद्या अडाणी उपायाने जिवावर बेततं. सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात यावर वाट काढली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव-गाव उघड करण्याची गरज नाही. पालकाची लेखी संमती मात्र लागतेच. हा निकाल तालुक्याच्या रुग्णालयातल्या समुपदेशकाला आणि आशाताईला पाठ हवा. मुलगी दार उघडते की परत फिरते, ते या एका माहितीवर ठरू शकतं.

शाळांमधल्या ‘गुड टच, बॅड टच’बद्दलही थोडं बोलायला हवं. ते शिकवावं, पण तेवढ्यावर थांबू नये. पॉक्सोच्या नोंदलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीतले असतात. असा माणूस सुरुवात स्पर्शाने करत नाही. भेटवस्तू, कौतुक, “आपल्या दोघांतलं गुपित” अशी त्याची चढण असते. म्हणून मुलांना गुपितांबद्दल शिकवायचं: वाढदिवसाची सरप्राइज पार्टी हे संपणारं, आनंदाचं गुपित; जे गुपित ठेवताना पोटात गोळा येतो ते ठेवायचं नसतं. आणि शरीराच्या अवयवांची खरी नावं मुलांना यायला हवीत. नाव घ्यायचीच लाज असेल तर मूल तक्रार कोणत्या शब्दांत करेल?

मनाचं दुखणं आणि फोनमधला धोका

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १० ते १९ वयातल्या दर सात जणांपैकी एकाला मानसिक विकार असतो. आपल्याकडे त्याचं रूप बहुधा डोकेदुखी, पोटदुखी, चिडचिड, अभ्यासात घसरण असं दिसतं. मूल स्वतःला संपवण्याच्या विचारात आहे अशी शंका आली, तर सरळ विचारावं: “जगू नये असं वाटतं का? जीव द्यायचा विचार मनात आला होता का?” विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते ही समजूत चुकीची आहे. विचारल्याने बहुतेकांना हायसं वाटतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. शेतीची औषधं, दोर, गोळ्या हाताशी राहू द्यायच्या नाहीत, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. खेडेगावात कीटकनाशकाचा डबा कुलपात ठेवणं हा जीव वाचवणारा उपाय आहे. टेलि-मानस ही सरकारी मदतवाहिनी १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतूनही बोलता येतं.

फोनबाबत आईवडिलांची पहिली प्रतिक्रिया तो काढून घेण्याची असते. नेमक्या याच भीतीने मुलं ब्लॅकमेल सहन करत राहतात. कुणी खासगी फोटोवरून धमकावत असेल तर मुलाला आधी शांत करा. पैसे देऊ नका, कारण दिल्यावर मागणी वाढते. संभाषण डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढा, खातं ब्लॉक करा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर लगेच कळवा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. फोटो काढला तेव्हा मूल अठरा वर्षांखालचं असेल तर ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा आहे. तुमच्याच फोनवर त्या फोटोची एक आकडी खूण तयार होते, फोटो कुठेही पाठवावा लागत नाही, आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून आपल्याकडचा फोटो शोधून काढतात. छळ, पळवून नेणं, बालविवाह, घरातली मारहाण, काहीही असो, १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलांना तोंडपाठ हवा. मूल स्वतः लावू शकतं, शेजारीही लावू शकतात. गावात लग्न ठरल्याचं कळलं तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यालाही (पूर्वीचा ग्रामसेवक) सांगा. तो बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो.

तंबाखू आणि गाडी यांचं थोडक्यात. शाळेच्या आवारापासून १०० यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे, आणि अल्पवयीन मुलाला तंबाखू किंवा दारू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. मशेरीला आपण व्यसन समजत नाही, पण दात घासायच्या निमित्ताने मुलींना तंबाखूची ओळख तिथेच होते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होतो, गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते.

पालकसभेत काय विचाराल?

आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात, जो २०२० च्या फेब्रुवारीत सुरू झाला, प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या दोन शिक्षकांना, शक्यतो एक बाई आणि एक पुरुष, आरोग्यदूत म्हणून तयार करायचं ठरलं आहे. अकरा विषय आहेत. भावनिक स्वास्थ्यापासून लिंगसमानता, व्यसनं, हिंसेपासून बचाव आणि इंटरनेटच्या सुरक्षित वापरापर्यंत. दर आठवड्याला एक तास द्यायचा आहे. महाराष्ट्रात याशिवाय २०२२ पासून शाळास्तरावर मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असते आणि तक्रारपेटी ठेवावी लागते. तुमच्या मुलाची शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर हे सगळं तिला लागू आहे.

म्हणून पुढच्या सभेत गुणपत्रिकेआधी हे विचारा: आपल्या शाळेचे दोन आरोग्यदूत कोण? त्यांचं प्रशिक्षण कधी झालं, आणि अडचण आली तर ते कुणाला विचारतात? तास वेळापत्रकात कुठे आहे, की गणिताच्या जादा तासात गेला? मुलग्यांना पाळीबद्दल सांगता, की त्या वेळी मैदानावर पाठवता? तक्रारपेटी कोण उघडतं, किती दिवसांनी, आणि ती मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर तर नाही ना, जिथे चिठ्ठी टाकणारं मूल सगळ्यांना दिसेल? बसचा चालक, शिपाई, क्रीडाशिक्षक, सगळ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का? वर्षातून एकदा ‘मैत्री’च्या समुपदेशकांना शाळेत बोलावता येईल का?

हे प्रश्न विचारणारे एकटे पडू नका, चार-पाच पालक मिळून जा. समाधान झालं नाही तर केंद्रप्रमुखांकडे, आणि तिथेही हललं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.